सेकंड शिफ्टच्या आठवड्यातली थोरली सून

आमच्या घरी मालिका मी बघते आणि नवरा ऐकतो. म्हणजे पहिली शिफ्ट असली किंवा रात्रपाळी असली की तोही बघतोच, अगदी चष्मा पुसून, साडेसातच्या आधी हातपाय धुऊन. पण दर तिसऱ्या आठवड्यात त्याची सेकंड शिफ्ट येते. दुपारी दोनचा भोंगा वाजायच्या आत पेपर मिलच्या गेटातून आत, रात्री दहाला बाहेर. त्या आठवड्यात त्याचे सगळे भाग बुडतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडायला बसले की तो चहाचा कप घेऊन समोर पाटावर बसतो आणि म्हणतो, "हं, सांग."

मोबाइलवर बघता येतं, हे मलाही कळतं. पोरगा पुण्याहून आला तेव्हा त्यानं ते ॲप टाकूनही दिलं. पण हा म्हणतो, "मोबाइलमंधी मजा नाई. तू सांगते तेच बरं." एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून निघालेली ही एकुलती एक तारीफ, म्हणून मी ती जपून ठेवली आहे.

सांगायची सवय मात्र माहेरची. माझं माहेर वडसा भागातलं, झाडीपट्टीतलं. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की आमच्या गावात नाटक लागायचं, पार उजाडेपर्यंत चालणारं. घरोघरी पाहुणे, सगळं गाव मांडवात. पण नेमकं त्याच दिवसांत खळ्यावर धान पडलेलं असतं, आणि कुणीतरी राखणीला थांबावं लागतं. आमच्याकडे बाप थांबायचा. सकाळी मी त्याचा चहा घेऊन खळ्यावर जायची आणि नाटक सांगायची, गाण्यांसकट, रडण्यासकट. बाप बिडी ओढत बसायचा आणि मधे मधे एकच शब्द बोलायचा, "मंग?" आमच्याकडे तशी रीतच होती. ज्यानं राखण केली त्याला नाटक जसंच्या तसं सांगायचं, पदरचं एक वाक्य घालायचं नाही. त्यानं आपल्यापायी नाटक सोडलं, त्याच्याशी लबाडी करायची नसते.

लग्न होऊन बल्लारपूरला आले तेव्हा राखणदार तेवढा बदलला. हाही "मंग?" असंच म्हणतो.

मालिकेचं नाव सांगत नाही, सांगितलं तर मला वेड्यात काढाल. मसाल्याच्या धंद्यातलं एक मोठं घर आहे. त्यात एक सासू, दोन सुना. धाकटी कपटी, थोरली सोशिक. थोरलीचा नवरा म्हणजे नुसता लोण्याचा गोळा, कधी बायकोच्या बाजूनं तोंड उघडेल तर शपथ. थोरलीवर माझा फार जीव. आणि रागही तेवढाच. अशी बाई खरोखर आमच्या वस्तीत असती तर मी तिला दोन दिवसांत शहाणी करून सोडली असती.

आता त्या आठवड्याचं सांगते.

समोरच्या घरात भाभी राहतात. त्यांचे मिया बाजारात घड्याळं दुरुस्त करतात आणि भाभी घरी ब्लाउज शिवतात. रोज साडेसातला मशीन बंद करून त्या माझ्याकडे मालिका बघायला येतात. सेकंड शिफ्टच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दिवाळीला शिवलेला माझा ब्लाउज उजव्या बाजूनं काचत होता, म्हणून त्या मला घालायला लावून शिवण तपासत होत्या. तोंडात टाचण्या, हात माझ्या काखेखाली. एकाएकी हात थांबला. त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या.

"ताई, ये क्या है?"

"काय?"

"इथी. हात लावून पाहा."

लावला. हरभऱ्याएवढं काहीतरी होतं. दाबलं तर सरकत नव्हतं, दुखतही नव्हतं. भाभींनी मला एक शब्द पुढं बोलू दिला नाही. दुसऱ्याच दिवशी, नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला असताना, त्या मला चंद्रपूरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, फोटो काढायला लावले, मग सुई घालून नमुना घेतला आणि तो नागपूरला पाठवला. म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी संध्याकाळी या, रिपोर्ट आलेला असेल. आणि घरचं माणूस सोबत आणा."

घरचं माणूस! ते दोन शब्द मला त्या सुईपेक्षा जास्त टोचले.

मिलवाल्यांच्या बायकांचा एक नियम असतो. कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. ड्युटीवर निघालेल्या माणसाच्या कानावर वाईट बातमी घालायची नाही. माझा नवरा कागद कापायच्या मशीनवर आहे. तिथं माणसापेक्षा उंच रोल गरागरा फिरत असतात आणि पाती लागलेली असतात. लक्ष हललं की बोट गेलं. आमच्याच घरांच्या लाइनीतल्या एका बाईनं सासरा गेल्याची बातमी नवऱ्याला शिफ्ट सुटेपर्यंत कळू दिली नाही. सुटायच्या वेळी जाऊन गेटापाशी उभी राहिली, बस. तिला कुणी नावं ठेवली नाहीत.

मग मी तरी कधी सांगणार? सकाळी सांगावं तर दुपारी तो ड्युटीवर जाणार. रात्री सांगावं तर त्याला झोप लागणार नाही, आणि तसाच जागरणाच्या डोळ्यांनी पुन्हा मशीनवर. रिपोर्ट शनिवारी आणि त्याची सुट्टी रविवारी. मी ठरवून टाकलं की काही निघालं तर रविवारी सांगू. काही निघालंच नाही तर सांगायचंच कशाला? हे इतकं सरळ वाटलं होतं मला. पण तोंडात कुलूप घालणं वेगळं आणि जिवाला घालणं वेगळं.

सोमवारी मालिका लागली तेव्हा मी खुर्चीवर बसूच शकले नाही. कधी मिठाचा डबा पुसला, कधी घासलेला कुकर पुन्हा घासला, कधी दारात जाऊन उगाच रस्त्याकडे पाहिलं. भाभी म्हणाल्या, "बैठो ना ताई, चक्कर आ री मेरे को तुमको देखके." धाकटीनं तिजोरीची किल्ली थोरलीच्या कपाटात लपवली, एवढं मला दिसलं. पुढं सासू ओरडली, ढगांचा गडगडाट झाला, प्रत्येकाच्या तोंडावर तीन तीनदा कॅमेरा गेला. शेवट काय झाला ते डोळ्यांसमोर असूनही मी पाहिलं नाही.

मंगळवारी सकाळी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला घेतल्या. हा चहा घेऊन बसला. मी सांगत गेले. किल्ली, कपाट, गडगडाट. त्या गडगडाटाशी येऊन माझी गाडी अडली.

"मंग?" तो म्हणाला.

मला काही आठवेना. शेंग हातात तशीच. आणि तोंडातून निघून गेलं, "मंग काय, थोरली आंघोळीले गेली अन् तिच्या हाताले गाठ लागली."

"कायची गाठ?"

"गाठ. इथी. काखेपाशी."

बोलून गेले आणि जीभ चावली. बापाच्या खळ्यावर मी कधी साधा एक हुंदका जास्तीचा घातला नव्हता, आणि इथं अख्खी गाठ घातली! पण खरं सांगू? बोलल्याबरोबर आठवड्यात पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानं चहाचा घोट घेतला.

"दुखते काय तिले?"

"नाई दुखत."

"दुखत नाई तं काई नसन," असं म्हणून तो उठला आणि सायकलच्या चेनला तेल घालायला गेला.

असा संताप आला! काही नसन म्हणे. मोठा डॉक्टर लागून गेला. त्याच्या डब्यात त्या दिवशी मी लोणचं घातलं नाही.

मंगळवारचा भाग सुरू झाला आणि ऐन मोक्याला लाइट गेली. थोरलीच्या नवऱ्यानं तोंड उघडलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तो माणूस काहीतरी बोलणार होता, आणि अंधार! मी विजेच्या खांबाला सुद्धा शिव्या घातल्या. भाभी आणि मी अंगणात येऊन बसलो. मी त्यांना सकाळचं सांगितलं. वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत.

"ये क्या बात हुई ताई? टीव्हीवालीच्या अंगावर आपलं दुखणं टाकून दिलं?"

"मंग काय करू? मले कोंडल्यासारखं होऊन राह्यलं."

"सीधा बोल दो ना भाऊले."

"अन् मशीनवर हात गेला तं?"

मशीन काय असतं ते भाभींना ठाऊक होतं. त्यांचा भाऊही मिलमध्येच होता. लाइट आली तेव्हा भाग संपून गेलेला होता आणि पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती.

म्हणजे बुधवारी सकाळी माझ्याजवळ सांगायला खरं असं काहीच नव्हतं. दुसरी कुणी असती तर लाइट गेल्ती म्हणून मोकळी झाली असती. मीही तेच सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यानंच पाटावर बसता बसता विचारलं, "काय झालं तिच्या गाठीचं?"

धाकटीचं नाही, किल्लीचं नाही. गाठीचं विचारलं. मग मी सांगितलं. थोरली शेजारणीला घेऊन डॉक्टरीणबाईकडे गेली. सुई घातली. नमुना मोठ्या गावाला पाठवला. सुई घालताना ती छताच्या पंख्याकडे बघत होती आणि पंख्याच्या एका पात्याला जाळं लागलं होतं, तेही सांगितलं. असल्या गोष्टी मालिकेत दाखवत नाहीत, हे मला सांगताना सुचलंच नाही.

"नवऱ्याले सांगितलं तिनं?"

"नाई."

"काऊन?"

"तो आपल्या कामात असते. अन् घाबरट हाये."

"घाबरट हाये म्हून सांगाचं नाई? पागल हाये ते बाई," तो म्हणाला. "असं कोणी करते काय?"

मी शेंगा सोलत राहिले. दाणे ताटलीत आणि सालं पदरात जायची, ती उलटी पडायला लागली.

त्या दिवशी रात्री तो आला तेव्हा मला डोळा लागला होता. सकाळी पाहिलं तर डाव्या अंगठ्याला पट्टी. मी किंचाळलेच.

"काही नाई, कागद लागला," तो म्हणाला. "कागदाले धार कमी असते काय?"

"लक्ष कुठी होतं तुमचं?"

"सिरियलमंधी," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

मला वाटलं, चेष्टा करतो आहे. बुधवारचा भाग मी नीट बघितला होता, डोळे ताणून. खऱ्या मालिकेत थोरलीला सासूनं घराबाहेर काढलं होतं. ती पैठणी नेसून, नाकात नथ, गळ्यात ठुशी अशी थाटात निघाली, हातात एक बॅग. बॅग रिकामी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं, अशी हलत होती. एरवी मी पोट धरून हसले असते आणि दुसऱ्या दिवशी तिची चाल करून दाखवली असती. पण बुधवारी माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे होतं. आता हा हात काखेकडे जाईल, आता जाईल, म्हणून मी बघत बसले. तो गेला नाही. ती बाई धडधाकट होती. नथ सावरत माहेरच्या गाडीत बसून निघून गेली. मला तिचा इतका राग आला की काय सांगू. मी इथं तुझ्यासाठी खोटं बोलून राह्यले, आणि तुला काही नाहीच?

गुरुवारी सकाळी नवऱ्यानं पैठणीचं, बॅगेचं सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाला, "ते ठीक हाये. रिपोर्ट कधी हाये तिचा?"

"शनिवारी."

"सकाळी का सायंकाळी?"

"सायंकाळी."

"डॉक्टर काय म्हणे? एकटीले बलावलं का कोणाले आणाले सांगितलं?"

"घरचं माणूस आणा म्हणे."

"मंग कोणाले नेते ते?"

"शेजारणीले."

तो थोडा वेळ पट्टीच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग उठून गेला. मला तर कौतुकच वाटलं की बघा, माणूस किती रंगून ऐकतो. माझा बाप सुद्धा इतके प्रश्न करत नव्हता.

शुक्रवारी त्यानं मालिकेचं नावच काढलं नाही. चहा घेऊन पाटावर बसला, शेंगा सोलू लागला. या माणसानं आजवर माझ्यासोबत एक शेंग सोललेली मला आठवत नाही. मी वाट बघत बसले. शेवटी मीच म्हटलं, "सांगू काय?"

"ऱ्हाऊ दे. आता शनिवारीच पाहू."

कंटाळला की काय? मी आपली गाठ त्याच्यासमोर रोज थोडी थोडी ठेवत होते, आणि त्याला आता तीही नको झाली. तो ड्युटीवर गेल्यावर मी पलंगाखालचे सगळे डबे बाहेर काढले, धुतले, वाळवले आणि पुन्हा तसेच आत ठेवले. त्या दिवशीचा भाग मी बघितला, पण विचाराल तर मला आजही सांगता यायचा नाही.

शनिवार उजाडला. शनिवारी मालिकेचा एक तासाचा भाग होता, आठवडाभर जाहिरात चालली होती. भाभींचं आणि माझं ठरलं होतं की हा दीडला ड्युटीवर निघाला की आपण अडीचच्या गाडीनं चंद्रपूर गाठायचं. कुणी विचारलंच तर अस्तराचं कापड आणायला गेलो होतो, म्हणून सांगायचं. मी लवकर स्वयंपाक केला, डबा भरला, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून ठेवली.

एक वाजला. हा बनियनवर बसून पेपर वाचतोय.

"ड्युटीची वेळ झाली ना जी?"

"हो."

दीड वाजला. समोरच्या दारातून भाभींनी डोकावून पाहिलं आणि मागं झाल्या. मी ताटं घासली. तो पेपरातली नोकरीची पानं वाचत होता. नोकरीची! या वयात!

"आज लेट मार्क लागन तुमचा."

"लागू दे."

पावणेदोनला भाभी पुन्हा डोकावल्या. आता त्यांनी बुरखा घातला होता, हातात पर्स. मी डोळ्यांनी खूण केली की थांबा. मला वाटलं याला हाताला धरून उठवावं, गेटापर्यंत ढकलत न्यावं. आणि तेवढ्यात दोनचा भोंगा वाजला. त्या भोंग्याला माझा नवरा घरात, बनियनवर, हे दृश्य मी हरताळाचे दिवस सोडले तर कधी पाहिलं नव्हतं. त्यानं भोंगा थांबू दिला. मग पेपराची घडी घातली, आत गेला, आणि पोराच्या साखरपुड्यातला शर्ट घालून बाहेर आला. दारात जाऊन म्हणाला, "भाभी, तुमी ऱ्हा आता घरी. लय केलं तुमी. हिले मी नेतो."

भाभींनी पर्स छातीशी धरली आणि त्या रडायला लागल्या. मी मात्र रडले नाही, मी भडकले.

"कुठी नेता? कोणाले नेता?"

"रिपोर्ट आणाले."

"कोणी सांगितलं तुमाले? भाभी, तुमी सांगितलं?"

"भाभीनं नाई सांगितलं. तूच तं सांगून राह्यली सोमवारपासून."

"मंगळवारपासून," मी म्हटलं. अशा वेळी सुद्धा जीभ काही राहत नाही.

मग त्यानं सांगितलं, ते असं. सेकंड शिफ्टवाले फक्त तोच थोडी आहे? मशीनवरचे सगळेच त्या आठवड्यात मालिकेला मुकतात आणि सगळ्यांच्याच बायका घरी सांगतात. मग चहाच्या सुट्टीत कँटीनमध्ये हे गडी बसून आपापल्या बायकांकडून ऐकलेलं ताडून पाहतात. मला काय माहीत! मला वाटायचं की तिथं बोनस आणि युनियन यापलीकडे गोष्टी निघत नसतील. बुधवारी हा म्हणाला, थोरलीचं काही खरं नाही, गाठ निघाली बिचारीला. तर सगळे याच्याकडे बघायला लागले. गाठ? कायची गाठ? तिला तर किल्लीच्या चोरीत पकडली. एक जण म्हणाला, "तुह्या घरी कोणता चॅनल लागते बे?" आणि सगळे हसले.

"मी बी हासलो," नवरा म्हणाला. "मंग मशीनवर गेलो. तवा डोक्यात आलं. हिनं इतक्या वर्षांत कधी पदरचं एक वाक्य घातलं नाई. बॅग रिकामी असली तं रिकामी म्हणते. मंग हे गाठ आली कुठून? तेवढ्यात अंगठा लागला."

म्हणजे ज्याची मला भीती होती ते झालंच होतं. मी त्या पट्टीकडे बघितलं. त्याच्याही ते लक्षात आलं, कारण त्यानं तो हात मागे घेतला.

"मंग विचारलं काऊन नाई?" मी म्हटलं.

"तू सांगून राह्यली होती ना. मधात कसा तोडू?"

मग मी रडले. दारातच, भाभींच्या समोर, तोंडाला पदर न लावता.

डॉक्टरीणबाई सहा वाजता बसतात. आम्ही पोरानं घरी ठेवलेल्या मोटरसायकलवरून गेलो, तो पुढे, मी मागे. त्यानं बाहेर थांबतो म्हणून नाटक केलं नाही, आत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. पोराला ताप भरला तरी दवाखान्याबाहेर चकरा मारणारा माणूस हा. बाईंनी रिपोर्ट वाचला आणि सरळ सांगितलं. गाठ चांगली नाही. पण लवकर सापडली आहे. नागपूरला ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर काही महिने औषधं चालतील. त्रास होईल, पण आशा चांगली आहे.

मला भीती वाटली. फार वाटली. पण आठवडाभर जी घालमेल होती, हातांना चैन पडू न देणारी, ती त्या खुर्चीत बसल्या बसल्या थांबली. बाजूला बघितलं तर नवरा बाईंना विचारत होता, ऑपरेशनच्या दिवशी मी आत थांबू शकतो काय.

येताना विसापूरच्या अलीकडे त्यानं गाडी एका टपरीपाशी उभी केली. अंधार पडला होता, थंडी होती. दोन कप चहा आला. मी घड्याळात बघितलं तर साडेसात होऊन गेले होते.

"महाएपिसोड सुरू झाला असन," मी म्हटलं.

"हो ना. आज दोघायचा बी बुडला."

"उद्या मले कोण सांगन?"

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. पट्टीचा अंगठा कपाला लागू नये म्हणून वर उचललेला. या माणसाला साधा बाजारातला भाव नीट सांगता येत नाही, दोन वाक्यांत गोष्ट संपवतो.

"मी सांगतो," तो म्हणाला. "थोरलीचं ऑपरेशन होते."

मी बापासारखी त्याच्याकडे बघत राहिले.

"मंग?"

"मंग तिचा नवरा तिच्याजवळ बसते. रजा टाकते अन् बसते."

"मंग?"

"मंग बरी होते."

"इतक्या लवकर?" मी म्हटलं. मला हसू येत होतं. "सिरियल हाये जी. असं लवकर संपवत नाई. वरीस-दोन वरीस तरी खेचतीन."

"खेचू दे ना," तो म्हणाला. "लोक बोर झाले तरी खेचू दे. मी पाहीन."